पिकअप ऑइल खाते, पण किती?

तीनेक लाख किलोमीटर पळालेली पिकअप ऑइल मागू लागली, की नाक्यावर निकाल लागतोच: ‘रिंगा गेल्या, इंजिन बांधून घ्या.’ गेल्या असतीलही. पण आधी रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवा. सकाळी त्यावर काळे डाग दिसले, तर ऑइल जळण्याआधी गळतंय. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं आणि इंजिन उतरवणं, यांच्या खर्चातला फरक कुठल्याही गाडीमालकाला सांगायला नको.

धुराबाबत तर भलताच गोंधळ. काळा धूर ऑइलचा नव्हे. तो अर्धवट जळलेल्या डिझेलचा. एअर फिल्टर आणि नोझल बघा. ऑइलचा धूर निळसर असतो आणि तो कधी येतो, याला महत्त्व. सकाळी स्टार्टरसरशी भसकन येऊन मिनिटभरात थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. रात्रभर हेडमधलं ऑइल तिथून झिरपलेलं असतं. माल भरून माळशेज चढताना एकसारखा येत असेल, तर रिंगा किंवा टर्बो. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून भकभक धूर आला, तर सिलिंडरमधला दाब रिंगांना चुकवून खाली उतरतोय. मात्र तुंबलेला ब्रीदरही हुबेहूब हेच सोंग आणतो, तेव्हा तो आधी साफ करा.

‘जाड ऑइल टाका, खाणं थांबेल.’ थोडं कमी होतं, पण झीज भरून येत नाही. शिवाय थंडीत जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल, तर तेच वापरा.

‘चार बोटं जास्तच भरलेलं बरं’ हा सल्ला सगळ्यांत घातक. क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस होतो, ब्रीदरवाटे ते हवेच्या मार्गात शिरतं. डिझेल इंजिन तेच जाळून पळू लागलं, तर चावी काढूनही थांबत नाही.

म्हणून मोजा. सपाट जागा, थंड इंजिन. पट्टी पुसून पुन्हा बुडवा. पट्टीवरच्या दोन खुणांत बऱ्याच इंजिनांत साधारण लिटरभराचं अंतर असतं. हजार किलोमीटरला पाव लिटर जात असेल, तर मी सीटमागे कॅन ठेवून गाडी चालवीन; लिटरभर जाऊ लागलं, तर कॉम्प्रेशन तपासून घेईन. आणि पातळी वाढलेली दिसली, तर खूश होऊ नका, त्यात डिझेल मिसळत असेल.

वरचेवर भरतोय म्हणून ऑइल बदलायचं मात्र टाळू नये. चेंबरमधली काजळी आणि जुना फिल्टर तसेच राहतात.