परक्या घरचे मांजर आपल्या घरी रुळविण्याची रीत

भाताची झोडणी होऊन धान्य कणगीत पडले की उंदरांचा सुकाळ होतो, आणि मग शेतकऱ्यास मांजराची आठवण होते. मंडणगड तालुक्यात मांजर मिळविणे कठीण नाही. येथील पुष्कळ कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबईस असतात. गावी राहिलेले वडीलधारे माणूस वारले किंवा मुलांकडे राहावयास गेले म्हणजे घरास कुलूप लागते, आणि घरचे मांजर मात्र ओटीवर राहते. असे निराधार मांजर कोणी दयेने, कोणी गरजेने आपल्या घरी आणतो. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते नाहीसे होते, पुन्हा त्या बंद घराच्या पडवीत जाऊन बसते आणि तेथेच खंगत जाते. मग मांजराची जातच कृतघ्न, असा ठपका त्यावर येतो. आमच्या मते हा दोष मांजराचा नसून ते आणण्याच्या रीतीचा आहे. ती रीत कशी असावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

कुत्रा माणसास धरतो व मांजर जागेस धरते, ही समजूत पुष्कळ अंशी खरी आहे. आपल्या मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या भागांतील रानमांजर. ते एकट्याने शिकार करणारे जनावर होय. कोणत्या बिळात उंदीर आहे, संकट आल्यास कोठे लपावे, पाणी कोठे मिळते, हे ज्ञान हेच त्याचे भांडवल. खांबास व उंबऱ्यास गाल घासून ते आपला वास तेथे ठेविते आणि त्या वासावरून जागा आपली म्हणून ओळखते. नव्या घरात यांपैकी काहीच नसते. यास्तव दार उघडण्यापूर्वी नवी जागा त्याच्या ओळखीची करून देणे, हेच या कामातील मुख्य सूत्र आहे.

प्रथम जागेची तजवीज करावी. सगळे घर एकदम मोकळे न करता मांजरास एक लहान खोली द्यावी. आपल्या कौलारू घरांत भिंत व कौले यांमधील फटीतून मांजर सहज निसटते. म्हणून जिला वर लाकडी माळा आहे व जिचे दार नीट लागते, अशीच खोली निवडावी. तीत एका कोपऱ्यात खाणे, त्यापासून थोडे दूर पाणी, आणि समोरच्या कोपऱ्यात मलमूत्रासाठी वाळू किंवा कोरडी माती घातलेले घमेले ठेवावे. याशिवाय एक आडवे खोके अवश्य ठेवावे व त्यात जुन्या घरचे, मांजर ज्यावर निजत असे ते गोणपाट घालावे. लपावयास मिळाले तर मांजर माणसाळणार नाही, अशी भीती बाळगू नये. हॉलंडमधील अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आश्रयस्थानी नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपावयास खोके दिले होते ती इतरांपेक्षा लवकर शांत झाली, असे आढळले.

पहिले दोन-तीन दिवस त्यास ओढून बाहेर काढू नये व मुलांच्या हाती देऊ नये. घरातील एकाच माणसाने ठराविक वेळी खाणे घेऊन जावे, जमिनीवर स्वस्थ बसावे व हलक्या आवाजात एकाच नावाने हाक मारावी. टक लावून पाहणे मांजरास धमकीसारखे वाटते. त्याच्याकडे पाहताना डोळे सावकाश मिटावे व उघडावे. ते आपण होऊन अंग घासू लागले म्हणजेच हात लावावा. घरी कुत्रा असेल तर आधी एकाचे गोणपाट दुसऱ्यास हुंगावयास द्यावे, आणि पहिली भेट कुत्रा बांधून करावी.

खाण्याविषयी दोन चुकीच्या समजुती आहेत. उपाशी मांजर उंदीर अधिक मारते, ही पहिली. वस्तुतः शिकारीची वृत्ती उपजत असून ती पोट भरल्याने जात नाही. उपाशी मांजर मात्र दुसऱ्याच्या चुलीकडे जाते. नुसता दूधभात पुरतो, ही दुसरी. मांजरास टॉरीन नावाचे द्रव्य अन्नातून मिळावे लागते, व ते मांस-मासळीत असते. त्याच्या अभावी दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. पुष्कळशा वयस्क मांजरांस दूधही पचत नाही. यास्तव भातात उकडलेली ताजी मासळी काटे काढून कालवावी. खारवलेली सुकी मासळी देऊ नये. नवे मांजर भीतीने एक दिवस खात नाही, त्याची चिंता नको. परंतु दोन दिवस उलटूनही ते अन्नास शिवले नाही, तर पशुवैद्यास दाखवावे. दीर्घ उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठून ते दगावते.

आठ-दहा दिवसांनी मांजर निर्धास्तपणे खाऊ-निजू लागले म्हणजे माजघर, मग पडवी, अशी जागा वाढवीत जावी. घराबाहेर तीन आठवड्यांपूर्वी सोडू नये. जुने घर त्याच वाडीत असेल तर महिना-सव्वा महिना थांबावे. प्रथम सोडताना ते भुकेले असावे; थोड्या वेळाने नेहमीची हाक मारून खाणे द्यावे व आत घ्यावे. गणपतीच्या व शिमग्याच्या दिवसांत घरे माणसांनी भरतात व वाद्ये वाजतात. त्या सुमारास नवे मांजर आणू नये.

प्रकृतीची काळजी आरंभीच घ्यावी. तीन महिन्यांवरील मांजरास रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील तेव्हा द्यावी. मांजर चावले अथवा ओरबाडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. भाटी चार-सहा महिन्यांतच गाभण राहू शकते व सुमारे दोन महिन्यांनी विते. म्हणून नसबंदी करून घ्यावी. तीमुळे उंदीर धरण्याची वृत्ती जात नाही. घमेल्यातील घाण रोज काढावी, व ते काम गरोदर स्त्रीने करू नये. गुरांच्या गोचिडांवरील परमेथ्रिनसारखी औषधे मांजरास लावू नयेत, माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही देऊ नये. दोन्ही त्यास प्राणघातक आहेत. मांजर पाळल्यावर उंदरांसाठी विषाची आमिषे ठेवणेही बंद केले पाहिजे, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात जातो.

एवढी खटपट करून लाभ काय, असे कोणी विचारील. मुंबईस १८९६ साली प्लेग उद्भवल्यानंतरच्या काळात अमरावतीचे लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन या वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०८ साली, प्लेगच्या निवारणार्थ घरोघर मांजरे पाळावी, असे आग्रहाने प्रतिपादन केले. मांजरे पुष्कळ असलेल्या गावी प्लेग कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे मांजरासही प्लेग होतो असे दिसून आले, म्हणून हा उपाय सर्वस्वी निर्धोक म्हणता येत नाही. मांजर प्रामुख्याने उंदीर व त्याची पिल्ले धरते. मोठी घूस त्यास आवरत नाही. यास्तव कणगीखालची बिळे बुजविणे व माडास पत्र्याचा पट्टा बांधणे ही कामे मांजर असले तरी सुटत नाहीत. उंदराच्या मुतापासून होणारा लेप्टोस्पायरोसिस खाचरातील चिखलातूनही होतो. तेव्हा पायास जखम असता अनवाणी लावणीस उतरू नये. तथापि घरातील धान्याजवळ रात्रभर जागणारा, पगार न मागणारा दुसरा राखणदार नाही, हेही खरे.

शेवटी जे घरास कुलूप लावून जाणार आहेत, त्यांस एक विनंती. जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अपराध आहे. पोत्यात घालून सावित्रीच्या खाडीपलीकडे सोडणे हाही त्यातलाच प्रकार. जाण्याचे ठरताच महिनाभर आधी शेजाऱ्याशी बोलावे, आणि मांजर त्याच्या निजण्याच्या गोणपाटासह व नेहमीच्या हाकेसह त्याच्या स्वाधीन करावे. गोणपाटास किंमत नाही. पण परक्या घरात तेवढीच एक वस्तू मांजरास ओळखीची असते.