पेटीची परीक्षा

मुलांनो, तुमच्या घरातले फोटो कुठे असतात? थोडे आईच्या मोबाइलमध्ये, थोडे बाबांच्या, उरलेले जुन्या कॉम्प्युटरमध्ये, हो ना? आमच्याकडेही तसंच होतं. शिवाय माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका मोबाइलमध्ये होत्या. आजी आता नाही. म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही 'नॅस' आणलं. म्हणजे काय, तर दोन हार्ड डिस्क असलेली छोटी पेटी. ती राउटरला जोडली, की घरातल्या सगळ्यांना तिच्यात फाइली ठेवता येतात.

पण ओव्या ठेवण्याआधी पेटीची परीक्षा नको का घ्यायला? माझा सहावीतला मुलगा घड्याळ घेऊन बसला. लग्नाच्या व्हिडिओची ४ जीबीची फाइल घेतली. छोटी फाइल घेतली तर फसगत होते बरं का! कॉम्प्युटर ती आधी आपल्याच मेमरीत ठेवतो आणि 'झालं' म्हणून मोकळा होतो.

लागली सहा मिनिटं. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मेगाबाइट. खोक्यावर तर '१ गिगाबिट' छापलेलं! इथे नीट बघा हं: बिट आणि बाइट एक नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट. करा बरं गणित! १००० मेगाबिट भागिले ८, म्हणजे १२५ मेगाबाइट. त्यातला थोडा भाग माहितीच्या पुडक्यांवर पत्ते लिहिण्यातच जातो. तरी ११०च्या आसपास वेग मिळायला हवा. आम्हाला बरोबर दहावा हिस्सा मिळत होता. तिथेच सुगावा लागला.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आमची केबल कपाटाच्या पायाखाली चेपली होती! बिचारी पेटी उगाच बोलणी खात होती. केबल बदलली आणि तीच फाइल छत्तीस-सदतीस सेकंदांत गेली. तीनदा करून पाहिलं, तेवढाच वेळ.

मग ४ जीबीचेच, पण सुटे फोटो पाठवले. जास्त वेळ लागला. शेंगांचं पोतं एकदम उचलणं आणि एकेक शेंग मोजून ठेवणं, यात फरक पडणारच. प्रत्येक फाइलची वेगळी नोंद करावी लागते ना!

"आई, दोन्ही डिस्कवर सारखंच लिहिलं जातं, मग आता काळजी कसली?" चिरंजीव म्हणाले. मी त्याला त्याचंच एक चित्र पेटीतून पुसायला लावलं. दोन्हीकडून गेलं! एक डिस्क बिघडली तर दुसरी सांभाळते. आपल्या हातून झालेली चूक मात्र दोन्हीकडे होते. म्हणून ओव्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर साताऱ्याला मावशीकडे ठेवली.

शेवटची परीक्षा मी घेतली. पेटीतली ओव्यांची फाइल दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवली आणि पहिल्यापासून ऐकत बसले. शेवटी आजी खोकली आणि म्हणाली, "झालं का गं तुझं? बंद कर आता ते."