खेड्यातील गुणी मुलांसाठी नवोदय विद्यालय

बुद्धी ही काही शहरांची मिरासदारी नव्हे. खेड्यापाड्यांतील शाळांतही तल्लख मुले असतात; परंतु पुढील शिक्षणाची योग्य सोय जवळपास नसल्याने त्यांपैकी कित्येकांचे गुण वाया जातात. ही उणीव दूर करण्यासाठी १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वये जिल्हावार निवासी नवोदय विद्यालये स्थापण्याचे ठरले. तत्पूर्वी १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रयोगादाखल दोन विद्यालये सुरू झाली होती. गोव्यात वाळपई व काणकोण येथे अशी विद्यालये आहेत.

प्रवेश

विद्यालयात सहावी ते बारावीचे वर्ग असून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. सहावीत जास्तीत जास्त ८० मुलांना निवड चाचणीद्वारे प्रवेश मिळतो. दोन तासांच्या या चाचणीत १०० गुणांपैकी ५० गुण बुद्धिमापनास, २५ अंकगणितास व २५ भाषेस असतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, तर एकतृतीयांश जागा मुलींसाठी राखून ठेवलेल्या असतात. निवास, भोजन, गणवेश व पुस्तके यांचा भार पालकांवर पडत नाही.

दिनक्रम

पहाटेच्या कवायतीने दिवस सुरू होतो. प्रार्थना, वर्ग, सायंकाळचे खेळ व रात्रीचा अभ्यास असा क्रम ठरलेला असतो. अरवली, निलगिरी, शिवालिक व उदयगिरी या चार सदनांत मुले विभागलेली असतात. शिक्षकही आवारातच राहत असल्याने अडलेले गणित दुसऱ्या दिवसापर्यंत अडून राहत नाही.

एक वर्ष परमुलखात

या योजनेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे विद्यार्थ्यांची अदलाबदल. नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी वर्षभरासाठी अन्य भाषिक प्रदेशातील विद्यालयात जातात : अहिंदी भागातील मुले हिंदी भागात व तेथील मुले इकडे. चौदा वर्षांच्या मुलास दूर पाठविताना आईचा जीव कासावीस होणे स्वाभाविकच आहे. मुलासही आरंभी तेथील बोली आणि जेवण परके वाटते. परंतु परभाषी सोबत्यांबरोबर एका पंगतीत बसून वर्ष काढल्यावर देश ही केवळ नकाशावरील आकृती राहत नाही. राष्ट्रीय एकात्मतेचा पाठ पुस्तकापेक्षा येथे अधिक पक्का होतो.

शिक्षकांची जबाबदारी

या चाचणीस विद्यार्थ्याला एकदाच, पाचवीत असतानाच, बसता येते. मुलाने त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असणे आवश्यक असते. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण शाळेत झालेली असावी लागते. अर्जास शुल्क नाही. तरीही मुदत उलटल्यावर चौकशी करणारे पालक दरवर्षी आढळतात. घरी कोणी लिहिणारे-वाचणारे नसेल, तर त्या मुलाची संधी सर्वस्वी त्याच्या शिक्षकाच्या दक्षतेवर अवलंबून राहते. म्हणून पाचवीच्या प्रत्येक वर्गशिक्षकाने ही माहिती वर्षारंभीच पालकांच्या कानी घालावी व अर्ज भरण्यास हातभार लावावा. गेलेली संधी त्या मुलास पुन्हा मिळत नाही.