आकड्यापुढची बारीक अक्षरं

कॅप राउंडची यादी लागते, फी भरली जाते, हॉस्टेलची खोली मिळते आणि त्याच आठवड्यात घरात लॅपटॉपचा विषय निघतो. मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत शिकवतो, त्यामुळे नात्यातले, ओळखीचे पालक मला फोन करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "सर, आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?" मुलगी कुठल्या शाखेला, रोज किती लांब जाणार, तिथे लॅब कशी आहे, हे मलाच विचारावं लागतं. पन्नास-साठ हजार रुपये ही अनेक घरांत जपून ठेवलेली रक्कम असते. कुणी त्यासाठी आरडी मोडतं, कुणी हप्ते बांधून घेतं. ती रक्कम काउंटरवर ऐकलेल्या एका वाक्यावर जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

"आय-सेव्हन घ्या, विषयच नको"

सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात ते या समजुतीमुळे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही फक्त तुकडी आहे. इयत्ता कळते ती त्याच्या पुढच्या आकड्यांवरून, आणि त्या आकड्यांकडे फारसं कुणी बघत नाही.

इंटेलचा आय७-७५००यू हा प्रोसेसर २०१६ सालचा, सातव्या पिढीतला. त्यात दोन कोअर आहेत. २०२२ साली आलेला आय३-१२१५यू बाराव्या पिढीतला. त्यात सहा कोअर आहेत, दोन मोठे आणि चार छोटे. रोजच्या कामात हा 'छोटा' आय-थ्री त्या 'मोठ्या' आय-सेव्हनला मागे टाकतो. तरीही जुन्या मशीनवर 'आय-सेव्हन'चं निळं स्टिकर दिसलं की माणसं पाच-सात हजार जास्त मोजायला तयार होतात. अशा वेळी मला खरोखर वाईट वाटतं, कारण फसवणूक झालेलीच नसते. स्टिकर खरंच असतं, आपण ते अर्धंच वाचलेलं असतं.

शेवटचं इंग्रजी अक्षरही तितकंच महत्त्वाचं. 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा, हलक्या लॅपटॉपसाठी बनवलेला. 'एच' म्हणजे जास्त वीज घेणारा, जास्त जोराचा, आणि अर्थात जास्त तापणारा. आय५-१२३५यू आणि आय५-१२५००एच हे दोन्ही आय-फाइव्ह, दोन्ही बाराव्या पिढीचे. पण पहिल्याचा मूळ वीजवापर १५ वॅटचा, दुसऱ्याचा ४५ वॅटचा. दुकानाच्या पाटीवर मात्र दोघांपुढे एकच शब्द लिहिलेला असतो : 'आय-फाइव्ह'.

एएमडीच्या रायझनमध्येही हाच घोळ आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांत फक्त एका आकड्याचा फरक दिसतो. प्रत्यक्षात पहिल्यात चार कोअर आणि झेन २ ही जुनी रचना आहे, तर दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३ ही त्यानंतरची रचना. ७००० मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, हे लक्षात ठेवलं तरी पुरे. इंटेलने २०२३च्या अखेरीपासून नव्या नावांतून 'आय' काढून टाकला, त्यामुळे आता 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावं दिसतील. तीही एकसारखी नाहीत. 'कोअर ५ १२०यू' या नव्या नावामागे तेराव्या पिढीच्याच घराण्यातली रचना आहे. तो वाईट प्रोसेसर नाही, पण नाव नवं म्हणून जास्त पैसे देण्याचं कारण नाही.

म्हणून दुकानात गेलात की प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून मागा. तो लिहून देताना जो काचकूच करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

"इंजिनिअरिंग म्हणजे गेमिंग लॅपटॉप लागणारच"

पहिल्या वर्षाला गणित, भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि सी किंवा पायथनमधलं प्रोग्रामिंग असतं. यातल्या कशालाही वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलांना पुढे अँड्रॉइड स्टुडिओ, डॉकर, व्हर्च्युअल मशीन अशी कामं येतात. तिथे खरी गरज भासते ती रॅमची. मशीन लर्निंग शिकायचं असेल तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच ग्राफिक्स प्रोसेसर वापरायला मिळतो. मोफत वापराला मर्यादा आहे, पण अभ्यासाला ते बहुतेक वेळा पुरतं. ईअँडटीसीला मॅटलॅब आणि केईल साध्या लॅपटॉपवर चालतात. मेकॅनिकल-सिव्हिलला ऑटोकॅडमधली टू-डी ड्रॉइंग चांगल्या साध्या मशीनवर होतात. सॉलिडवर्क्समधली मोठी जोडणी किंवा रेव्हिटमधली अख्खी इमारत उघडायची वेळ आली की ग्राफिक्स कार्डाचा उपयोग कळतो. ती वेळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते, आणि तेव्हा लॅबही हाताशी असते.

आर्किटेक्चरची गोष्ट वेगळी. पाच वर्षांचा कोर्स, त्यात स्केचअप, रेव्हिट, रेंडरिंग, आणि लुमियनसारखं सॉफ्टवेअर तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय धड चालतच नाही. अ‍ॅनिमेशन आणि गेम डिझाइनचंही तसंच. या मुलांसाठी जास्त खर्च करणं योग्य आहे. तिथे फक्त कार्डाचं नाव बघून थांबू नका, वॅट विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवलेलं असू शकतं, आणि जेवढे वॅट कमी तेवढा त्याचा जोर कमी.

उलट कॉमर्सच्या मुलाला एक्सेल आणि टॅली, कायद्याच्या मुलीला शेकडो पानांचे निकाल, मेडिकलच्या मुलांना जाडजूड पुस्तकांच्या पीडीएफ. यांना हवा हलका, शांत, बॅटरी टिकणारा लॅपटॉप. गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन-अडीच किलोचा असतो, वर चार्जरच अर्धा किलोच्या आसपास. कल्याणहून किंवा विरारहून लोकलने रोज येणाऱ्या मुलीच्या पाठीवर हे वजन चार वर्षं असणार आहे. माझ्याच लॅबमधला एक मुलगा पहिल्या महिन्यात असा लॅपटॉप रोज आणायचा. नंतर लॅपटॉप खोलीवरच राहू लागला आणि मुलगा प्रॅक्टिकलच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन यायला लागला. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं, हे मला नंतर कळलं.

इथेच मॅकबुकचाही विचार होतो. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिपवर बॅटरी फार छान टिकते, मशीन हलकंही असतं. पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि टॅली ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत, आणि एम मालिकेच्या मॅकवर पूर्वीसारखं बूट कॅम्पने विंडोज टाकता येत नाही. प्रोग्रामिंग, लेखन, डिझाइन करणाऱ्यांना मॅक उत्तम. मेकॅनिकलच्या मुलाला तो हौसेने घेऊन देऊ नका. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपलाही हीच खबरदारी हवी. प्रयोगशाळेतल्या जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर त्यावर चालतीलच असं नाही.

"एक टीबी आहे, म्हणजे फास्ट"

रॅम आणि साठवण या दोन गोष्टींची गल्लत घराघरांत होते. स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. साठवण म्हणजे डब्यांचं फडताळ, रॅम म्हणजे ओटा. फडताळ कितीही मोठं असलं तरी ओटा वीतभर असेल तर पोळ्या लाटायच्या आधी भाजी उचलून ठेवावी लागते. विंडोज, ब्राउझरच्या दहा टॅब, ऑनलाइन तास आणि कोड लिहायचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं की ८ जीबीचा ओटा भरून जातो. १६ जीबी घ्या, असं मी सरसकट सांगतो. २०२५च्या शेवटी शेवटी मेमरीचे भाव जगभर चढले, त्यामुळे हे पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही, हे मान्य. मग निदान 'आत्ता ८, पुढे वाढवू' म्हणताना एक गोष्ट तपासा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते आणि ती कधीच वाढवता येत नाही. विचारायचा प्रश्न असा : रॅमचा रिकामा स्लॉट आहे का?

साठवण एसएसडीच हवी. ५१२ जीबी बहुतेकांना पुरते. अगदी स्वस्त मशीनमध्ये ईएमएमसी नावाची मंद साठवण असते, ती टाळा. आणि ५१२ जीबी घेऊनही विंडोज ४७६ च दाखवतं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मोजते, विंडोज सुमारे १०७ कोटी मोजतं. माल तेवढाच, मापं दोन.

स्क्रीनबद्दल मला कुणी विचारतच नाही, याचं आश्चर्य वाटतं. मूल दिवसातले पाच-सहा तास बघणार आहे ते स्क्रीनकडेच. १९२० बाय १०८० पेक्षा कमी घेऊ नका, पॅनेल आयपीएस असावं, उजेड निदान ३०० निट्स असावा. २५० निट्सची स्क्रीन खिडकीजवळ बसलं की फिकी पडते. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असेल तर रंग मळकट दिसणार, हे डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी आधीच समजून घ्यावं. १६:१० प्रमाणाची स्क्रीन मिळाली तर पानाच्या चार ओळी जास्त दिसतात. वाचणाऱ्याला त्याचा फार फरक पडतो.

बॅटरीचे 'दहा तास' बहुधा मंद उजेडात व्हिडिओ लावून मोजलेले असतात. त्याऐवजी वॅट-तास बघा. ४२ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी १० वॅट खर्च, तर चार तासांच्या थोडं वर. ६० किंवा ७० वॅट-तास मिळाले तर दुपारचं प्रॅक्टिकलही निभावतं. गावाकडे जिथे वीज जाते तिथे याची किंमत वेगळी सांगायला नको. सतत चार्जिंगला लावल्याने स्फोट वगैरे होत नाही; मात्र कायम शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

'एआय पीसी'चं स्टिकर सध्या सगळीकडे आहे. चॅटजीपीटीसारखी साधनं कंपनीच्या सर्व्हरवर चालतात; त्यांना आपल्या लॅपटॉपमध्ये खास चिप लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस नावाच्या लॅपटॉपमध्ये किमान १६ जीबी रॅम असतेच, हा त्यातला खरा फायदा. बाकीसाठी वेगळे पैसे मोजू नका.

"जुना घेतला तर काय बिघडतं?"

काहीच बिघडत नाही, एक तारीख मात्र लक्षात ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे वर सांगितलेला तो सातव्या पिढीचा आय-सेव्हन इथेही मागे पडतो. ऑफिसांतून निघालेले, अकराव्या-बाराव्या पिढीचे रिफर्बिश्ड लॅपटॉप बांधणीला दणकट असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या विश्वासाच्या दुकानात बिल आणि लेखी वॉरंटी घेऊन असा लॅपटॉप घेण्यात कमीपणा अजिबात नाही. नवी बॅटरी घालायचा खर्च तेवढा धरून चाला.

वॉरंटीचाही एक गैरसमज आहे. साध्या वॉरंटीत लॅपटॉप पडणं किंवा त्यावर चहा सांडणं बसत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, तेही खरेदीनंतर ठरावीक मुदतीत. हॉस्टेलला जाणाऱ्या मुलासाठी मी ते घ्यायला सांगतो. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली तेही बघा, कधी कधी ती दुकानातच सुरू झालेली असते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बऱ्याच लॅपटॉपसोबत ऑफिस मिळतं. ते पहिल्यांदा सुरू करताना ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं जाईल, त्याच्याशी ते जोडलं जातं. दुकानातल्या पोराने घाईत आपलंच खातं टाकलं, तर पुढे तुमच्या मुलीचे हाल होतात. म्हणून सुरुवात तिच्या हाताने, तिच्या खात्यावर होऊ द्या. "वरचं सगळं सॉफ्टवेअर टाकून देतो" ही मोफत सेवाही नम्रपणे नाकारा. चोरीच्या प्रतींबरोबर काय काय येतं, ते आम्ही लॅबमध्ये दरवर्षी निस्तरतो. अँटिव्हायरस विंडोजमध्ये असतोच. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात, त्यासाठी विद्यार्थी असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

आणि तो पुरावा, ते कॉलेजचं ओळखपत्र, तो ईमेल अ‍ॅडमिशननंतरच हातात येतो. त्यामुळे लॅपटॉप ओरिएंटेशनच्या आधी घेतलाच पाहिजे, अशी घाई करू नका. दोन-तीन आठवडे लॅबवर भागतं. तेवढ्यात मुलाला आपल्याच शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या ताईला किंवा दादाला गाठून विचारू दे की कुठली सॉफ्टवेअर खरोखर लागली आणि काय घेतल्याचा पश्चात्ताप झाला. मग त्याला सोबत घेऊनच दुकानात जा. कीबोर्डवर दोन परिच्छेद टाइप करायला सांगा, स्क्रीन दाराच्या उजेडाकडे फिरवून बघा, प्रोसेसरचा क्रमांक सेटिंग्जमध्ये जाऊन कागदाशी ताडून पाहा. शेवटी लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही मुलाच्या बॅगेत घाला, सोबत पाण्याची बाटली आणि डबा ठेवा, आणि पैसे देण्याआधी त्याला दुकानाचा जिना एकदा चढून-उतरून यायला सांगा.