सात मिलिमीटरची उचल

पहाटे 5.30

रेणापुरात रेणुकादेवीच्या देवळाकडून घंटा ऐकू येते तेव्हा मी मोरीत नखं घासत असतो. कालच्या ग्राइंडिंगची भुकटी नखांच्या कडेला रात्रभर बसून राहते. साबणाला ती दाद देत नाही, खडेमिठाने निघते. मला सकाळी बोटं मोकळी लागतात. घासून काढलेल्या कॅमवरून अंगठ्याचं नख फिरवलं की चाकाने सोडलेली लहर नखाला कळते. मायक्रोमीटरला ती कळेलच असं नाही.

6.30

पिंपळफाट्यावरून लातूरची बस. मिरग तोंडावर आलाय. दोन्ही बाजूंची रानं नांगरून, पाळ्या घालून तयार आहेत. रस्त्याने ट्रॅक्टर गेला की माझे कान तिकडे वळतात. काळा धूर आणि चढाला दम लागलेला ट्रॅक्टर दिसला, की त्याच्या मालकाने आतापर्यंत काय काय बदललं असेल ते मनात येतं: आधी फिल्टर, मग नोझल, मग डिझेल पंप. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट खोल इंजिनात बसलेला, त्यामुळे त्याच्यापर्यंत हात सगळ्यात शेवटी जातो. तोवर पैसा संपत आलेला असतो आणि पेरणी दारात असते.

8.00

वर्कशॉप उघडलं की आधी मशीन चालू करतो आणि अर्धा तास नुसतं फिरू देतो. एक मीटर पोलाद एका अंशाने तापलं की अकरा-बारा मायक्रॉन वाढतं. थंड मशीनवर घेतलेल्या मापावर दुपारी विसंबता येत नाही.

तेवढ्या वेळात कूलंटची टाकी बघतो. लातूरच्या बोअरचं पाणी जड. त्यात कूलंटचं तेल नीट मिसळत नाही, वर साय धरते आणि घासलेल्या जॉबवर तासाभरात गंज चढतो. म्हणून आम्ही जारचं पाणी वापरतो. 2016च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांपासून टाकीतलं पाणी बदलताना माझा हात अजून आखडतो. गाळून, निवळून जितके दिवस चालेल तितके चालवतो.

9.15

औसा भागातले एक आजोबा गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट खांद्यावर घेऊन आले. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरचा.

"काय करायलाव मिस्त्री? नवा घ्या म्हणतोय गॅरेजवाला. पण नवा यायला आठ दिवस. तवर मिरग निघून जाईल."

"बघू तर द्या आबा. कातडं शिल्लक असलं तर आजच देतो."

ते स्टुलावर टेकले. चहा सांगितला.

9.30

हे कातडं म्हणजे कॅमचा वरचा कठीण थर. ओतीव शाफ्ट असेल तर साच्यातच कॅमच्या जागी लोखंडी ठोकळे ठेवतात. वितळलेलं लोखंड त्यांना लागून झटकन गार होतं आणि तेवढाच भाग पांढरा, कडक बनतो. पोलादी शाफ्ट विजेवर तापवून पाण्याने विझवतात. दोन्हींत कठीणपणा काही मिलिमीटरच खोल जातो, आत धातू मऊच. मी कॅमच्या कडेला कानस हलकेच ओढून बघतो. कानस घसरली तर थर आहे. चावली तर तो शाफ्ट मी परत देतो, कोणी कितीही गळ घातली तरी.

आजोबांच्या शाफ्टवर कानस घसरली.

मग दोन व्ही-ब्लॉकवर शाफ्ट ठेवून डायल लावला. या इंजिनाच्या कॅमचा गोल भाग 35 मिलिमीटर व्यासाचा आणि त्याच्या वर नाकाची उचल 7 मिलिमीटर. आमच्याकडे उचल म्हटलं की ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम आठवते. इथली उचल म्हणजे कॅम टॅपेटला किती वर ढकलतो ते. तेवढीच झडप उघडते, तेवढाच इंजिनाला श्वास मिळतो. सहापैकी पाच कॅम बरे होते. तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या कॅमची उचल 6.35 निघाली. साडेसहा दशांश मिलिमीटर गेलेलं. नखाच्या जाडीपेक्षा फार जास्त नाही. पण हा ट्रॅक्टर मिनिटाला 2000 फेऱ्यांवर चालतो तेव्हा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने, म्हणजे 1000 फेऱ्यांनी फिरतो. सेकंदाला सोळा-सतरा वेळा ती झडप अपुरी उघडत होती.

आजोबांनी विचारलं, "झिजलेल्या जागी भर घालता का?"

नाही घालत. हे सांगायला मला आवडतं, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. उचल म्हणजे नाकाची उंची नव्हे, नाक आणि गोल यांच्यातला फरक. नाक वाढवता येत नाही, मग गोल लहान करायचा. सगळा कॅम चहूबाजूंनी 0.7 मिलिमीटर आत घ्यायचा. 35चा गोल 33.6चा होतो, नाकही त्याच मानाने खाली येतं, आणि दोघांतला फरक पुन्हा पुरता 7. टॅपेट तेवढे खाली बसतात, ते वर रॉकरच्या स्क्रूने भरून काढायचं. सहाही कॅम सारखेच घ्यायचे, सगळ्यात झिजलेल्याच्या मापाने.

11.00

चाकाला हिऱ्याचं टोक देऊन तोंड सरळ करून घेतलं आणि शाफ्ट पाळण्यावर चढवला.

आमचं मशीन जुन्या पद्धतीचं आहे. शाफ्टच्या टोकाला एक मास्टर कॅम फिरतो, तो रोलरवर टेकलेला असतो. मास्टर फिरेल तसा पाळणा पुढेमागे डुलतो आणि जॉब चाकाला तसातसा भेटतो. एक कॅम झाला की अंशांच्या तबकडीवर शाफ्ट फिरवून पुढचा. यात एक मेख आहे. कॅमच्या बगलेवर चाक नेमकं कुठे टेकतं ते चाकाच्या व्यासावर ठरतं. 600 मिलिमीटरचं चाक झिजत 500वर आलं की तोच मास्टर बगलेचा आकार थोडा वेगळा काढतो. म्हणून आमच्याकडे दोन मास्टर आहेत, मोठ्या चाकाचा आणि लहान चाकाचा.

इथे यायच्या आधी चाकणकडच्या एका कारखान्यात मी सीएनसीवर होतो. तिथे मास्टर नाहीच. शाफ्टचं फिरणं आणि चाकाचं पुढेमागे होणं संगणक जुळवतो, चाक झिजलं की हिशेब स्वतः बदलतो. चाकही सीबीएनचं, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडचं. हा पदार्थ 1957 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेन्टॉर्फ यांनी बनवला. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, पण लोखंडासाठी हिऱ्याहून बरा. कारण तापलेलं लोखंड हिऱ्यातला कार्बन खातं. आपल्या शेजारी सोलापुरात 1992 साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी कॅमशाफ्ट बनवते आणि तिथले शाफ्ट परदेशी गाड्यांतही बसतात. मराठवाड्याच्या उंबरठ्यावर हे घडतं, याचा मला अभिमान आहे.

पण सीएनसीने मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट याही मशीनवर कामाला येते. शाफ्ट एकाच वेगाने फिरवला तर गोल भागावर चाकाचा स्पर्श शांतपणे सरकतो, पण बगलेवर तो एकदम धावतो. तेवढ्या क्षणात जास्त धातू निघतो, जास्त उष्णता होते, आणि बगल जळते. सीएनसी बगलेवर आपोआप हळू होतं. माझ्या मशीनला तो मेंदू नाही, म्हणून मी सगळा जॉबच हळू फिरवतो आणि कट बारीक घेतो. पहिल्या वर्षी मी घाई करून एक शाफ्ट जाळला होता. वरून तो आरशासारखा होता. दीड महिन्यात त्याच्या बगलेचे पापुद्रे निघाले. त्या शेतकऱ्याला मी माझ्या पगारातून नवा शाफ्ट घेऊन दिला.

शेवटचे चार-पाच फेरे कट न वाढवता, ठिणग्या विझेपर्यंत. ठिणगीचा आवाज बारीक होत होत फक्त कूलंटचा आवाज उरला की हात उचलायचा.

1.45

भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आजोबांनाही बसवलं.

2.30

वीज गेली. चौथ्या कॅमवर चाक टेकलेलं असतं तर त्यावर डाग उठला असता. सुदैवाने कॅम बदलत होतो. वीज यायला पाऊण तास लागला. पुन्हा मशीन गरम करण्यात आणखी थोडा वेळ.

4.30

सहा कॅम झाले. स्पिरिटमध्ये अगदी थोडं नायट्रिक अ‍ॅसिड घालून बोळ्याने बगला पुसल्या. जळालेली जागा असती तर काळसर डाग उमटले असते. रंग सगळीकडे एकसारखा राखाडी. डायलवर सहाही उचली 6.99 ते 7.01. नंतर नख फिरवलं. लहर नाही.

5.15

पॅकिंग करताना आजोबांना तीन गोष्टी सांगितल्या, आणि गॅरेजवाल्यासाठी कागदावरही लिहून दिल्या. जुने टॅपेट परत बसवायचे नाहीत. टॅपेट कॅमवर नुसता वर-खाली होत नाही, स्वतःभोवती फिरतोही. कॅमला अगदी बारीकसा उतार दिलेला असतो तो त्यासाठीच. खड्डा पडलेला टॅपेट फिरत नाही, एकाच जागी घासतो, आणि नवा कॅम काही दिवसांत खातो. दुसरं, बसवताना कॅमला घट्ट ग्रीस चोपडायचं. तिसरं, पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन मंद गुरगुरत ठेवायचं नाही. वीस मिनिटं चढ्या फेऱ्यांवर ठेवायचं, म्हणजे तेल कॅमपर्यंत उडतं.

"आणि शाफ्ट आडवा ठेवू नका आबा, उभा टांगून न्या. लांब असतो, वाकतो."

त्यांनी तो पदराखालच्या लेकरासारखा धरला आणि औशाच्या गाडीला गेले.

9.20

रेणापूर. जेवण झालंय. काल नेलेल्या शाफ्टचा फोन आला, चाकूर तालुक्यातून. इंजिन आत्ताच चालू केलंय म्हणे. काही न बोलता त्यांनी फोन इंजिनाजवळ धरला.

मी अंगणात आलो, दुसरा कान बोटाने बंद केला. टॅपेटचा ठेका सरळ आहे. फक्त एक टिक जरा मोठा पडतोय, कॅमच्या दर फेरीला एकदा.

"एका झडपेची फट मोठी राहिलीय दादा. फीलर गेज लावून कोणती ते शोधा, पुन्हा सेट करा. पण आत्ता नको. वीस मिनिटं होऊ द्या."