चार कप्प्यांचा ट्रे आणि बालपणाची चव

अमेरिकेत आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसांना लहानपणीच्या आवडत्या जेवणाबद्दल विचारले, तर आजीच्या आणि आईच्या हातच्या पदार्थांबरोबर आणखी एक नाव हमखास येते: ‘टीव्ही डिनर’. कारखान्यात शिजवलेले, ॲल्युमिनियमच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये भरून गोठवलेले आणि घरी ओव्हनमध्ये गरम करून खायचे हे तयार जेवण. एका कप्प्यात ग्रेव्हीतले मांस, दुसऱ्यात कुस्करलेला बटाटा, तिसऱ्यात मटार किंवा मक्याचे दाणे. पुढे चौथा कप्पा आला, त्यात काहीतरी गोड. मटार सुरकुतलेले असायचे, बटाटा कडेने वाळलेला आणि मधे गारच राहिलेला, मक्याचा एखादा दाणा शेजारच्या केकमध्ये जाऊन बसलेला. हे सगळे दोष तीच माणसे सांगतात आणि सांगताना खुलतात.

चव बेताची आणि आठवण मात्र इतकी गोड, हे कसे? प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर शोधताना आपण मेंदू, नाक, मीठ आणि आईवडिलांच्या मनातली अपराधी भावना, अशा बऱ्याच ठिकाणी फिरून येतो. आपल्याकडच्या फ्रीजरमध्येही आता मटारबरोबर पराठे आणि नगेट्स दिसू लागले असल्याने ही गोष्ट केवळ अमेरिकेची राहिलेली नाही.

गोठवलेल्या ताटाचा जन्म

अन्न झटपट गोठवण्याची आधुनिक पद्धत क्लॅरेन्स बर्ड्सआय यांच्या नावाशी जोडलेली आहे. १९१२ नंतरची काही वर्षे ते आजच्या कॅनडातील लॅब्राडोर भागात होते. तिथले इनुइट लोक उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीत मासे पकडत. पाण्याबाहेर काढलेला मासा लगेच गोठून जाई आणि बऱ्याच काळाने शिजवला तरी ताज्यासारखा लागे. याचे कारण बर्फाच्या स्फटिकांत आहे. अन्न सावकाश गोठले की मोठे स्फटिक तयार होतात, ते पेशी फाडतात आणि अन्न वितळताना त्यातून पाणी सुटते. वेगाने गोठवले तर स्फटिक बारीक राहतात आणि पोत टिकतो. या तत्त्वावर गोठवलेले बर्ड्सआय यांचे पदार्थ १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील किरकोळ दुकानांत विक्रीला आले.

संपूर्ण जेवण एका ट्रेमध्ये गोठवण्याचे प्रयोग पुढे विमानप्रवासासाठी झाले. १९४९ मध्ये पिट्सबर्गच्या बर्नस्टीन बंधूंनी तीन कप्प्यांच्या ट्रेमधले जेवण विकायला सुरुवात केली. पण ‘टीव्ही डिनर’ हे नाव घराघरांत नेले ते नेब्रास्कातील ओमाहा शहराच्या स्वान्सन कंपनीने. त्यामागची प्रसिद्ध कथा अशी: थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यावर कंपनीकडे २६० टन टर्की पडून राहिली आणि जेरी थॉमस या विक्री प्रतिनिधीने ती ट्रेमध्ये भरून विकण्याची कल्पना मांडली. या दाव्याला कंपनीच्या काही जुन्या कर्मचाऱ्यांनी आणि स्वान्सन कुटुंबीयांनी नंतर हरकत घेतली. कल्पना कोणाचीही असो, ९८ सेंट किमतीच्या या जेवणाचे सुमारे १ कोटी ट्रे पहिल्या पूर्ण वर्षात खपल्याचे सांगितले जाते.

काळही अनुकूल होता. १९५० मध्ये अमेरिकेतील दहा घरांपैकी जेमतेम एका घरात टीव्ही होता. १९५४ पर्यंत निम्म्याहून अधिक घरांत तो पोचला. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत होती आणि मोठ्या फ्रीजरचे रेफ्रिजरेटर घरोघरी येत होते.

ट्रेमधले विज्ञान

हे जेवण बनवणे दिसते तितके सोपे नव्हते. मांस, बटाटा आणि मटार यांतील पाण्याचे प्रमाण आणि थरांची जाडी वेगवेगळी, त्यामुळे प्रत्येकाला गरम व्हायला लागणारा वेळही वेगळा. ओव्हनमध्ये मात्र तिन्ही एकदमच जाणार. सगळे पदार्थ एकाच वेळी तयार व्हावेत, हे गणित जमवण्याचे काम स्वान्सनमध्ये बेटी क्रोनिन या जीवाणूशास्त्रज्ञ तरुणीने केले. ट्रे साधारण २१८ अंश सेल्सिअसला २५ मिनिटे ठेवायचा, अशी सूचना खोक्यावर असे.

मटार गोठवण्याआधी काही क्षण उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढावे लागतात, कारण त्यातील विकरे थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि रंग-चव बिघडवतात. मांसावर ग्रेव्ही ओतली की चव वाढते, शिवाय हवा अडते आणि मांसातील स्निग्धांश खवट होण्याची क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना जीवाणूंची वाढ थांबते. ते मरत मात्र नाहीत. म्हणून एकदा वितळलेले अन्न बाहेर फार वेळ ठेवू नये, हा नियम आजही लागू आहे.

नाकातून थेट आठवणीत

आता आठवणीकडे वळू. आपण ज्याला ‘चव’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात पोचतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागते ते याचमुळे. दृश्य आणि ध्वनी यांचे संदेश मेंदूच्या बाह्य थरापर्यंत जाण्याआधी थॅलॅमस या थांब्यावरून जातात. वासाच्या संदेशांना तो थांबा घ्यावा लागत नाही. ते भावनांशी निगडित अमिग्डाला आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागांजवळ फार लवकर पोचतात.

मानसशास्त्रज्ञांना यात एक विशेष गोष्ट आढळली आहे. शब्द किंवा चित्र दाखवून ज्येष्ठांना जुन्या आठवणी विचारल्या, तर त्या बहुतेक किशोरवयातल्या आणि विशीतल्या निघतात. तोच प्रयोग वास देऊन केला, तर आठवणी वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात. ओव्हनमधून येणारा गरम ॲल्युमिनियमचा आणि ग्रेव्हीचा वास माणसाला थेट सहाव्या-सातव्या वर्षात नेऊन सोडतो, तो असा.

आवडी त्याहूनही आधी घडू लागतात. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मातांनी गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना नियमित गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज अधिक खुशीने खाल्ली. ओळखीची चव सुरक्षित वाटते, हे आपण बोलायला लागण्याआधीच शिकतो.

आठवण जेवणाची, की त्या संध्याकाळची?

वरच्या माहितीतून ओळख का टिकते ते कळते. जिव्हाळा का वाटतो ते पुरते कळत नाही. त्यासाठी ते ट्रे केव्हा खाल्ले जात, ते पाहावे लागते. आईवडील बाहेर जायचे आणि मुले सांभाळायला कोणी यायचे, तेव्हा. आईला कामावरून यायला उशीर व्हायचा, तेव्हा. एरवी टेबलावर ताठ बसून जेवावे लागे, त्या दिवशी टीव्हीसमोर बसायची मुभा असे. शिवाय ज्याचा त्याचा ट्रे वेगळा. भावंडांशी वाटणी नाही, ‘एवढी भाजी संपव’ अशी सक्ती नाही. आधी गोड खाल्ले तरी कोणाचे लक्ष नसायचे. मुलांसाठी ती छोटीशी स्वायत्तता होती.

बफेलो विद्यापीठातील जॉर्डन ट्रॉइसी आणि शिरा गॅब्रिएल यांनी २०११ मध्ये चिकन सूपवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सूप प्यायल्यानंतर सहभागींना अर्धवट शब्द पूर्ण करायला दिले. ज्यांच्या मनात चिकन सूप म्हणजे दिलासा देणारे अन्न होते, त्यांनी नात्यांशी संबंधित शब्द जास्त तयार केले. इतरांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे काम सूपमधल्या कोंबडीचे नव्हते. त्या सुपाशी जोडलेल्या माणसांचे होते. आजारपणात आपल्याला मऊ भात, मेतकूट आणि तूप हवेसे वाटते, तेव्हा पचनाच्या सोयीबरोबर कपाळावर ठेवलेला हातही आठवत असतो.

दुसरा अभ्यास आणखी डोळे उघडणारा आहे. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात लोकांना उदास करणारी चित्रफीत दाखवली. मग काहींना त्यांचा दिलासा देणारा आवडता पदार्थ दिला, काहींना दुसरे काही खायला दिले, तर काहींना काहीच दिले नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचीच मनःस्थिती जवळपास सारखी सुधारली. ‘मन ठीक नाही, म्हणून हे खाल्लेच पाहिजे’ या समजुतीला त्यातून फारसा आधार मिळत नाही.

पूर्वीची चव आता का लागत नाही

मोठेपणी अनेक जण मुद्दाम दुकानातून गोठवलेले जेवण आणतात आणि ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ म्हणून हिरमुसतात. यात मनाचा भाग आहे, तसा भौतिकशास्त्राचाही. १९८६ मध्ये स्वान्सनने ॲल्युमिनियमचा ट्रे सोडून मायक्रोवेव्हमध्ये चालणारा ट्रे आणला. जुना ट्रे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेला. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत पदार्थाचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जातो. तेव्हा प्रथिने आणि शर्करा यांच्यात अभिक्रिया होऊन खरपूस रंग आणि वास येतो. मायक्रोवेव्ह मुख्यतः अन्नातील पाणी तापवतो, त्यामुळे पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. कडेचा तो करपट, खरपूस भाग मिळत नाही. आणि आठवण नेमकी त्याचीच असते.

मीठ, मात्रा आणि अपराधी भावना

आठवण गोड आहे म्हणून जेवण पौष्टिक ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. गोठवलेल्या तयार जेवणाच्या एका पाकिटात ७०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम असणे नेहमीचे आहे. पाकिटावरील सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, दिवसाच्या मर्यादेचा दोन पंचमांश भाग एकाच जेवणात. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा गुणाकार जरूर करावा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोगही महत्त्वाचा आहे. २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचे अन्न दिले. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि सोडियम सारखे होते. हवे तितके खायची मोकळीक होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त घेतल्या आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले.

दोष गोठवण्याचा नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. काढणीनंतर लगेच गोठवलेल्या मटारात बरीचशी जीवनसत्त्वे टिकतात. काही वेळा चार दिवस बाजारात पडून राहिलेल्या भाजीपेक्षा ती जास्त असतात. खरा प्रश्न मीठ, स्निग्धांश आणि ते ताट आठवड्यातून किती वेळा समोर येते, याचा आहे. पाकीट उचलताना ‘फ्रोझन’ हा शब्द पाहून नाक मुरडण्यापेक्षा मागची घटकांची यादी वाचावी.

आपल्या मुलांना काय आठवेल

पुण्या-मुंबईत दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत एखाद्या संध्याकाळी फ्रीजरमधला पराठा तव्यावर जातो आणि तो भाजणाऱ्याच्या मनात कुठेतरी खुपते. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत तर गोठवलेली पुरणपोळी सणालाही ताटात येते. ‘आम्हाला आईच्या हातचे मिळाले, आमच्या मुलांना हे!’ असा सल त्यात असतो. टीव्ही डिनरवर वाढलेल्या पिढीच्या आठवणी या सलावर थोडी फुंकर घालतात. त्या मुलांना आई कमी पडल्याचे आठवत नाही. त्या संध्याकाळची मोकळीक, भावंडांची सोबत आणि आवडता कार्यक्रम आठवतो.

मात्र याच आठवणी एक इशाराही देतात. लहानपणी जे वारंवार ताटात आले, ते पुढे आवडीचे होते. मग नावडत्या भाजीलाही तीच संधी द्यायला हवी. नवी चव स्वीकारायला मुलांना अनेकदा आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. दोनदा नाकारली म्हणून भाजी बाद करू नये, आणि सक्तीही करू नये. एक-एक घास पुन्हा पुन्हा समोर येऊ द्यावा. तयार पराठा असलेल्या दिवशी शेजारी काकडी किंवा कोशिंबीर आणि वाटीभर दही ठेवले, तर ताटाचा समतोल बराच सावरतो.

आपण ‘नॉस्टॅल्जिया’ला मराठीत स्मरणरंजन म्हणतो. मूळ शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाने परत जाणे आणि वेदना अशा दोन ग्रीक शब्दांपासून घडवला होता. घरापासून दूर असलेल्यांच्या आजारासाठी. आज तो आजार मानला जात नाही, आणि जुन्या चवीची ओढ वाटणाऱ्या ज्येष्ठांना कोणी हसू नये. आजोबांना वर्षातून दोनदा ते खारट जेवण हवेसे वाटले, तर डॉक्टरांचे पथ्य सांभाळून छोटा वाटा द्यावा आणि खाताना शेजारी बसून त्यांच्या लहानपणाबद्दल विचारावे. त्या घासात त्यांना जे हवे असते, त्यातला बराचसा भाग या गप्पांतूनच मिळतो.