तेलाचा डबा आणि युक्रेन

व्याख्यानमाला म्हटली की न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आठवते. आमच्या महिला मंडळाची व्याख्यानं त्यापुढे पोरखेळच. पण विषय मात्र थेट जगाचे!

मी पहिल्यांदा सुचवलं तेव्हा सगळ्या हसल्या. "पाककृती स्पर्धा ठेवा गं, ते रशिया-अमेरिका कुणाला कळतंय?" मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपलं सूर्यफुलाचं तेल तेव्हा बहुतांश युक्रेनमधून यायचं. त्यात एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. आम्ही विषय ठेवला, 'तेल का महागलं?' सतरंज्या कमी पडल्या.

वक्ते कॉलेजचे प्राध्यापक. मानधन म्हणाल तर एसटीचं भाडं आणि नारळ. वेळ दुपारी चारची, कारण सहानंतर कुकर लावायचा असतो. नकाशा शाळेतून मागून आणला. आपल्या बायका उभं राहून प्रश्न विचारत नाहीत, म्हणून चिठ्ठ्या ठेवल्या. एका चिठ्ठीत होतं, "मुलगा तिकडे मेडिकलला होता. सरकारने विमानाने परत आणलं. पण कर्ज काढलंय, आता पुढे काय?" सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही." मला ते आवडलं. खोटा धीर देणारे वक्ते पुष्कळ मिळतात.

आता विषय कांदा. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठली, तोवर बाहेरची गिऱ्हाइकं कुठे गेली? शेतकरी घरातल्या दोघीतिघींनी आत्ताच चिठ्ठ्या आणून दिल्यात.